एकशे बारापासून ऐकावे

मी मुळात भित्री. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते निष्काळजीपणाने झालं असं कुणी म्हटलं की मला राग येतो. निष्काळजी बाईच्या हातून ते झालंच नसतं. तिने ती कॅसेट कपाटात टाकली असती आणि डबा खायला गेली असती. मी काळजी घ्यायला गेले.

विद्यापीठाच्या संगीत विभागाचं ग्रंथालय म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली. पुस्तकांची सहा कपाटं, कॅसेटींची दोन, खिडकीशी हेडफोन लावलेली चार टेबलं आणि दाराजवळ माझं काउंटर. मी तिथे अकरा महिन्यांच्या करारावर सहायक होते. विदर्भातून आलेली, वारज्यात दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहणारी. त्या दोघी सॉफ्टवेअर कंपन्यांत होत्या. सकाळी त्यांना न्यायला कंपनीची गाडी यायची आणि मी बसच्या रांगेत उभी राहायचे. पुण्यात तोंड उघडायचीच मला धास्ती वाटे. ‘मी करून राहिले’ असं चुकून निघून गेलं की समोरचं माणूस काही बोलायचं नाही, नुसती भुवई उचलायचं. त्यापेक्षा चार शब्द सुनावलेले परवडले असते.

सत्राच्या सुरुवातीला शिक्षक यादी देत. या या पेपरला ही ही पुस्तकं, ही ही ध्वनिमुद्रणं. ती मी आपापल्या जागेवरून काढून काउंटरमागच्या एका फळीवर लावायची. त्या फळीला आम्ही ‘राखीव’ म्हणायचो. राखीव वस्तू घरी न्यायची नाही. चिठ्ठी भरायची, दोन तास तिथेच बसून वाचायचं किंवा ऐकायचं, आणि परत करायची. एका प्रतीवर वीस जणांना परीक्षा द्यायची असली की दुसरा इलाजच नसतो. शिक्षकांकडे एखादी गोष्ट स्वतःची असली तर तीही ते सत्रापुरती आणून ठेवत. बहुतेक पुस्तकंच असत. गाणाऱ्या माणसांनी आपल्या घरातलं गाणं आणून ठेवल्याचं मी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी बाईंनी ते आणलं. बाई म्हणजे एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गायन शिकवणाऱ्या ज्येष्ठ शिक्षिका. साठीला टेकलेल्या, नारायण पेठेत राहणाऱ्या, पांढऱ्या साडीतल्या, आणि बोलण्यात अशा की समोरच्याला आपण कापलो गेलोय हे घरी गेल्यावर कळावं. मला त्यांची भीती वाटायची. सगळ्यांनाच वाटायची, पण मला त्या दिसल्या की हातातलं पेन खाली पडायचं.

त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली. तिच्यावर त्यांच्या गुरूंनी त्यांना दिलेली तालीम होती. आपल्या गुरूंना त्या नुसतं ‘मोठ्या बाई’ म्हणत. मोठ्या बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मैफलीत त्यांनी कुणाला रेकॉर्डिंग करू दिलं नाही, त्यामुळे त्यांचा आवाज म्हणून जे काही उरलं होतं, ते बाईंच्या माहितीत एवढंच.

“आमच्याकडची तालीम घराबाहेर जात नाही,” बाई म्हणाल्या. “पण यांना मी वर्गात जे सांगते, ते यांच्या एका कानातून जातं आणि दुसऱ्या कानापर्यंत पोचतसुद्धा नाही. म्हणून आणली. नक्कल करायची नाही. कुणीही. कळलं?”

मी मान हलवली.

“आणि सुरुवातीचं मुलांनी ऐकायचं नाही. तिथे त्या मला रागावल्यात. ते माझं आहे, अभ्यासक्रमात नाही. बंदिश जिथून सुरू होते तो आकडा काढा आणि चिठ्ठीवर लिहा.”

आमच्याकडे दोन कॅसेटी बसणारा टेपरेकॉर्डर होता. डाव्या खणात फक्त वाजायचं, उजव्यात वाजायचंही आणि भरायचंही. फीत कुठवर आली ते दाखवणारा डाव्या बाजूचा आकडा फिरायचा बंद झाला होता, म्हणून मी कॅसेट उजवीकडे घातली, हेडफोन लावला आणि बंदिश कुठे सुरू होते ते शोधायला लागले. शोधायचं म्हणजे आधीचं ऐकावंच लागलं. एक म्हाताऱ्या बाईंचा आवाज, घसा बसलेला, पण काय धार! मला तर त्या हेडफोनमधून मलाच रागावताहेत असं वाटलं आणि मी खुर्चीत नीट बसले. मग कपबशी वाजली, तंबोरा लागला, “हं, म्हण,” असं ऐकू आलं आणि बंदिश सुरू झाली. आकडा होता एकशे बारा. मी गुलाबी चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलं : ‘एकशे बारापासून ऐकावे.’ कॅसेटवर चिठ्ठी चिकटवली आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

त्याच दुपारी भीतीने मला गाठलं.

फीत जुनी होती. वीस मुलं ती पुढे-मागे पळवणार. त्यातली निम्मी बटणं दाबताना दारावर थाप मारल्यासारखी दाबत. फीत अडकली तर? तुटली तर? बाई काउंटरपाशी येऊन उभ्या राहतील आणि काही बोलणार नाहीत, हे दृश्य मला इतकं स्पष्ट दिसलं की जेवण गेलं नाही. मग वाटलं, एक नक्कल करून ठेवावी. कुणाला द्यायची नाही, सांगायचं नाही. बंद पाकिटात, माझ्या खणात. मूळ फितीला काही झालंच तर बाईंच्या पाया पडून ती पुढे करायची. त्या रागावतील, पण मोठ्या बाईंचा आवाज तरी वाचेल. मी बाईंचा शब्द मोडत होते, आणि तरी मला तो शहाणपणा वाटत होता.

कोरी कॅसेट घेऊन मी टेपरेकॉर्डरपाशी गेले. बाईंची कॅसेट सुरुवातीपर्यंत मागे फिरवलेली होती, सकाळी चिठ्ठी चिकटवून परत घातली होती तिथेच, उजव्या खणात. मी कोरी डावीकडे घातली. टेबलांवर मुलं बसली होती म्हणून आवाज पार बंद केला. दुप्पट वेगाने नक्कल करायचं बटण दाबलं आणि आपण काहीच करत नाही अशा चेहऱ्याने काउंटरवर येऊन कार्डं लावायला लागले.

ग्रंथालयाच्या कॅसेटी आल्या की त्यांच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन तुकडे मी पहिल्यांदा मोडून टाकायचे. ते मोडले की कॅसेटवर काही भरता येत नाही. बाईंच्या कॅसेटचे मोडले नव्हते. दुसऱ्याची वस्तू न विचारता कशी मोडायची?

एक विद्यार्थी राखीव पुस्तक मागायला आला. त्याला पुस्तक देऊन वळले तेव्हा माझी नजर दोन्ही खणांवर गेली. डावीकडची पांढरी स्वच्छ कॅसेट फिरत होती. उजवीकडची, माझी गुलाबी चिठ्ठी लावलेली, तीही फिरत होती. उजवीकडच्या खणाखाली लाल दिवा लागलेला होता.

कोऱ्या कॅसेटमधली शांतता बाईंच्या कॅसेटवर भरली जात होती.

बटण कसं बंद केलं ते आठवत नाही.  हेडफोन लावून सुरुवात ऐकली. खरखर. पुढे नेलं. खरखर. आकडा शहाण्णववर आल्यावर कपबशी वाजली, तंबोरा लागला आणि “हं, म्हण.” म्हणजे बंदिश सगळीच्या सगळी शाबूत होती. गेलं होतं ते फक्त रागावणं.

मी काय केलं असेल? कॅसेट मागे फिरवून राखीव फळीवर ठेवून दिली. चिठ्ठी होतीच. एकशे बारापासून ऐकावे. मुलं तिथूनच ऐकणार होती. अभ्यासक्रमाचं एका मात्रेचंसुद्धा नुकसान झालं नव्हतं. जे गेलं ते एकाच माणसाचं होतं, आणि ते माणूस सत्र संपल्यावर कॅसेट न्यायला येणार होतं.

ते चार महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. कुणी ती कॅसेट मागितली की चिठ्ठीवर सही घेऊन मी ती द्यायचे. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे मी टक लावून बघत बसायचे. एका मुलीने तर “मॅडम, माझ्या चेहऱ्याला काही लागलंय का?” असं विचारलंही. बाई आठवड्यातून तीन दिवस येत. जिन्यावर त्यांच्या चपला ओळखायला मी शिकले. त्या आत येऊन फळीकडे बघत आणि म्हणत, “ऐकतात का हो कुणी?” मी म्हणे, “रोज.” त्या म्हणत, “गाण्यात दिसत नाही.” आणि निघून जात. मग मी खुर्चीत बसे आणि श्वास घेई.

वर्गात एक इंजिनिअर होता. सकाळचे तास करून हिंजवडीला कामावर जाणारा. त्याला चिठ्ठीवरची सूचना म्हणजे उलट करायचं आमंत्रणच वाटलं असावं. एक दिवस तो काउंटरशी आला.

“मॅडम, या टेपला स्टार्टिंगला काहीच नाहीये. फुल नॉइज. मग एकदम ‘हं, म्हण.’”

“एकशे बारापासून ऐकायला सांगितलंय ना?” मी इतक्या जोरात म्हणाले की चारही टेबलांवरच्या माना वळल्या.

“सॉरी, सॉरी. आय मीन, हवं तर मी पीसीवर घेऊन क्लीन करून देतो. सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे.”

मी काउंटरवरच्या चिठ्ठ्या सारख्या केल्या. मग जमेल तितक्या सहज विचारलं, “पुसलं गेलेलं परत आणता येतं का त्यात?”

“कॉम्प्युटरवर डिलीट झालेलं येतं कधी कधी. टेपवर वरून रेकॉर्ड झालं असेल तर गेलं, मॅडम. खतम.” आणि माझ्याकडे बघून तो पटकन म्हणाला, “काही इम्पॉर्टन्ट होतं का?”

“नाही,” मी म्हणाले.

त्या आठवड्यात मी सांगून टाकायचं ठरवलं. रविवारी नारायण पेठेत बाईंचं घर शोधत गेले. दुसरा मजला, दाराबाहेर चार-पाच जोडी चपला. आत शिकवणी चालली होती. एका मुलीचा स्वर लागत नव्हता आणि बाई तिला म्हणत होत्या, “घसा दुखतोय का? नाही? मग माझे कान दुखत असतील.” माझा हात घंटेपर्यंत गेला आणि तिथूनच परत आला. जिना उतरून कोपऱ्यावर आले, तिथे एक उसाचा रस प्यायले आणि वारज्याची बस पकडली. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी वाटली नव्हती.

परीक्षा संपल्या. राखीव फळी मी रिकामी करायला घेतली होती. दुपारची वेळ, खोलीत कुणी नव्हतं. जिन्यावर चपला वाजल्या.

“द्या माझी ठेव,” बाई म्हणाल्या. मी रुमालासकट कॅसेट पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. खुर्ची ओढून खिडकीशी बसल्या.

“जरा सुरुवात लावा. घरातलं यंत्र मुलाने मोडीत दिलं, आता सीडीचं आणलंय. मी ही आजवर एकदाही ऐकलेली नाही. धीरच झाला नाही. मुलं चार महिने ऐकताहेत म्हटल्यावर वाटलं, आपणही ऐकावं.”

मी कॅसेट हातात धरून उभी होते. पुढचं सगळं मी एका दमात बोलले. नक्कल करायला गेले, उजवं-डावं चुकलं, सुरुवात पुसली गेली, बंदिश आहे, सुरुवात नाही. मधे कुठेतरी ‘मी घाबरून राहिली होती’ असंही निघून गेलं. बाईंनी भुवई उचलली नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

“सगळं गेलं?”

“तंबोरा लागायच्या आधीचं सगळं.”

 मला वाटलं, आता ओरडाव्यात, विभागप्रमुखांकडे जाव्यात, काहीही करावं. न राहवून मीच म्हणाले, “दुसरी कुठे असेल का, बाई? ज्यांनी रेकॉर्ड केलं त्यांच्याकडे?”

“मोठ्या बाईंच्या मुलाने केलं होतं. तो अमेरिकेत. असेल, नसेल. माझा आता कुणाशी संबंध नाही.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही आकडा काढलात, तेव्हा ऐकलं असेल.”

“हो.”

“मग बसा. सांगा.”

“काय सांगू?”

“त्या काय म्हणाल्या ते. त्यांच्या शब्दांत.”

मी समोर बसले.  एकदाच ऐकलेलं, पण भीतीने ऐकलेलं पक्कं बसतं. मी सुरुवात केली, “काल रियाज केला होतास का? खोटं बोलू नकोस, तुझा सा सांगतोय मला.”

“इतक्या पटकन नाही,” बाई म्हणाल्या. “‘खोटं’च्या आधी थांबायच्या त्या. पुन्हा.”

मी पुन्हा म्हटलं. थांबून म्हटलं. पुढचं आठवलं, “घाई आहे का? घरी पोळ्या करायच्यात? मग जा, पोळ्या कर. पोळ्यांना घाई चालते.” बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. “ळ नीट लावा,” म्हणाल्या, “पण बरोबर आहे.” मग मला ते आठवलं, श्वास मधेच घेऊन शब्द तोडला म्हणून, “पाहुण्याला उंबऱ्यात उभं करून दार लावतेस होय गं?” हे त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा मी त्यांच्यावर खरोखरच ओरडले आणि जीभ चावली. बाईंनी मान खाली घातली होती. साठ वर्षांची बाई, चुकल्यासारखी मान खाली घालून माझ्यासमोर बसली होती. मला रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती.

“मग कपबशी,” मी म्हणाले. “आणि ‘हं, म्हण.’”

“त्याच्या आधी काहीतरी होतं,” बाई म्हणाल्या. “कपबशीच्या आधी. हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या होत्या. तेव्हा मी रडत होते, मला नीट ऐकू आलं नाही. नंतर विचारायची छाती झाली नाही, आणि टेपवर ऐकायला बसायचीही. काय होतं ते?”

होतं. काहीतरी होतं. मलाही आठवत होतं की आवाज उतरला होता. पण शब्द? मी तेव्हा आकड्याकडे बघत होते. बंदिश आता सुरू होईल म्हणून पेन उघडत होते. शब्दांकडे माझं लक्षच नव्हतं.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खरं सांगते, त्या चार महिन्यांत मला जेवढी भीती वाटली नसेल तेवढी त्या क्षणी वाटली. ‘आठवत नाही’ म्हणणं म्हणजे ती फीत त्यांच्यासमोर पुन्हा एकदा पुसणं होतं.

“म्हणाल्या,” मी म्हणाले, “‘रागावले म्हणून उद्या यायची राहू नकोस.’”

 बाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. पर्समध्ये रुमाल ठेवला, कॅसेट ठेवली. उठताना एवढंच म्हणाल्या, “बावीस वर्षं शिकले त्यांच्याकडे. असं एकदाही म्हणाल्या नाहीत मला. निदान मला तसं वाटत होतं.”

माझा करार पुढेही वाढला. बाईंनी कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं, मी मागच्या रांगेत होते. बाई फार बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. आपल्या गुरू किती कडक होत्या हे सांगून सगळ्यांना हसवलं, आणि मग थांबल्या. “पण एकदा त्या मला म्हणाल्या होत्या,” आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं. मोठ्या बाईंच्या ढंगात, माझं वाक्य. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या एका विद्यार्थिनीने ते वहीत लिहून घेतलं. टाळ्या पडल्या तेव्हा मीही वाजवल्या. सगळ्यांबरोबर.

बाई आता नाहीत. त्यांच्या शिष्या ते वाक्य आपल्या शिष्यांना सांगतात. मोठ्या बाईंवर कुणी लेख लिहिला की त्यात ते असतं.

आणि आता लोक घराघरांतल्या जुन्या फिती काढून इंटरनेटवर टाकतात. अमेरिकेतूनही टाकतात. कुठे एखादी घरगुती तालीम आली, गाणाऱ्या म्हाताऱ्या बाईंची, की मी सगळं काम टाकून ती लावते.  पहिली काही मिनिटं, तंबोरा लागेपर्यंत, कपबशीच्या आवाजाची वाट बघत ऐकते. मग बंद करते. गाणं मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही.